वेटसूटला पावसाळ्यात बुरशी का येते?

कोकण किनाऱ्यावर पर्यटकांसाठीचे स्कूबा डायव्हिंग पावसाळ्यात बंद असते. जूनच्या तोंडावर मालवण, तारकर्ली, देवबागच्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या जातात आणि त्यांच्याबरोबर पाण्याखालचे सामानही खोलीत जाते. वेटसूट, बूट, मास्क, फिन्स, हवा भरण्याची जाकिटे, रेग्युलेटर, सिलिंडर असे सगळे ऑगस्टअखेरपर्यंत, म्हणजे वर्षातल्या सर्वांत दमट तीन महिन्यांत, जागच्या जागी पडून राहते. हंगाम उघडल्यावर त्यातल्या काही पेट्यांतून कुबट वास येतो. सूटच्या आतल्या अस्तरावर राखाडी लव दिसते, मास्कच्या कडेला काळे ठिपके दिसतात. अंदमानला किंवा गोव्याला डायव्हिंग करून आलेल्या पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींच्या माळ्यावरही हेच घडते, फक्त तिथे एकच पेटी असते.

ओल्या चपलेला किंवा चामड्याच्या पट्ट्याला बुरशी आली तर ती पुसून आपण पुढे जातो. इथे प्रश्न वेगळा आहे, कारण या सामानातला एक भाग तोंडात धरून त्यातून श्वास घ्यायचा असतो. भाड्याच्या सामानाच्या बाबतीत तर तेच तोंड आज एकाचे, उद्या दुसऱ्याचे असते. बुरशी येऊ न देणे अवघडही नाही. मात्र त्यासाठी बहुतेक जण ज्या गोष्टीमागे धावतात, ती म्हणजे जंतुनाशक, तिचा क्रमांक बराच खालचा आहे. पहिले काम मीठ काढण्याचे, दुसरे सामान खरोखर कोरडे करण्याचे.

मीठ का, हे कळायला स्वयंपाकघरात जावे लागते. जुलैमध्ये मिठाच्या बरणीत पाणी सुटते. ते पाणी बरणीत आधीपासून नसते, हवेतून येते. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतली वाफ ओढून घेऊन विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि त्यातले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरते. किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्रातून आलेला सूट न धुता वाळत घातला आणि त्यात एक लिटर पाणी मुरलेले असेल, तर पाणी उडून गेल्यावर सहा-सात चमचे मीठ आतच राहते. असा सूट मेच्या उन्हाळ्यात हाताला कोरडा लागतो. पहिला पाऊस पडला की तो पुन्हा ओला होतो, आणि तेही कपाटाचे दार बंद असताना.

मीठ तर टिकवण्यासाठी वापरतात, मग खारट सूटवर बुरशी कशी येईल, असा प्रश्न कोणालाही पडेल. भरपूर मिठात बहुतेक बुरश्या वाढत नाहीत हे खरे आहे, म्हणून तर लोणचे टिकते. पण मीठ कमी पडलेल्या किंवा तेलाच्या वर आलेल्या फोडीवर बुरशी येतेच, आणि काही बुरश्यांना बराच खारटपणा चालतो. सूटच्या बाबतीत सर्वांत वाईट अवस्था अर्धवट धुण्याची. बुरशीला अडवण्याइतके मीठ त्यात उरत नाही आणि ओल धरून ठेवण्याइतके उरते.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, त्यांना घराबाहेर ठेवता येत नाही. त्यांना रुजायला ओल आणि थोडे खाद्य लागते. ओलसर पृष्ठभागावर ते एक-दोन दिवसांत रुजू शकतात. निओप्रीन हे वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले कृत्रिम रबर. ते किंवा मास्कचे सिलिकोन बुरशीचे आवडते अन्न नव्हे. ती वाढते त्यावर बसलेल्या थरावर. त्वचेच्या मृत पेशी, घाम, सनस्क्रीन, तेल, लाळ, समुद्रातले सूक्ष्म जीव असा हा थर असतो, आणि अवघडल्यासारखे वाटले तरी सांगायला हवे, की त्यात मूत्रही असते. थंड पाण्यात शरीरावर दाब आला की मूत्रपिंडे जास्त काम करतात आणि सूट घालून तासभर पाण्यात असलेल्या माणसाला ते आवरत नाही. डायव्हिंग करणाऱ्यांना याची लाज नसते. सामान धुणाऱ्याने मात्र हे गृहीतच धरावे.

म्हणूनच एकाच टबात सगळे बुचकळण्याची पद्धत वाईट. होडीवरून उतरल्यावर दहा-पंधरा जणांचे सूट, बूट, मास्क आणि रेग्युलेटर एकामागोमाग एका पिंपात पडतात. दुपारपर्यंत ते पाणी गोडे राहिलेले नसते आणि स्वच्छ तर नसतेच. निदान दोन भांडी हवीत, एक तोंडा-नाकाशी येणाऱ्या वस्तूंसाठी आणि दुसरे सूट-बुटांसाठी. पाणीही बदलत राहायला हवे. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरींचे पाणी मे महिन्यात मचूळ होते, ही इथली आणखी एक अडचण. मचूळ पाण्याने धुतल्यावर मीठ निघत नाही, पातळ होते एवढेच. पाणी तपासायचे असेल तर काळ्या प्लॅस्टिकवर त्याचे चार थेंब उन्हात वाळू द्यावेत. ठळक पांढरा डाग राहिला, तर हंगामाअखेरच्या धुण्यासाठी ते पाणी कामाचे नाही. रोजचे धुणे त्यात चालवून घ्यावे लागले, तरी शेवटची एक धुणावळ नळाच्या, टँकरच्या किंवा पहिल्या पावसाच्या साठवलेल्या पाण्यात करावी. छपराच्या पागोळ्यांखाली पिंप ठेवले, पहिल्या काही सरींचे मळके पाणी सोडून दिले, की मीठ नसलेले पाणी फुकट मिळते.

सूट पाण्यात टाकून लगेच काढला तर आतले मीठ बाहेर येत नाही. ते शिवणींतून, अस्तरातून, चेनच्या दातांतून हळूहळू विरघळून येते. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावा, मधूनमधून दाबावा, पाणी ओतून द्यावे आणि पुन्हा नव्या पाण्यात तेच करावे. सौम्य शाम्पू चालतो. कपड्यांची पावडर आणि वॉशिंग मशिन नको. उकळते पाणी तर अजिबात नको, त्याने चिकटवलेल्या शिवणी सुटतात. नंतर पिळू नये. पिळल्याने निओप्रीनचे बुडबुडे दबतात आणि सूटची ऊब जाते. जाड खांद्याच्या हँगरवर आतली बाजू बाहेर काढून टांगावा, निथळू द्यावा, आतली बाजू वाळली की सुलटा करावा. तारेच्या हँगरने खांद्यावर कायमचे वळ पडतात. जागा सावलीची आणि वाऱ्याची असावी. उन्हात सूट लवकर वाळतो खरा, पण अतिनील किरणांनी रबर कडक होते आणि रंग उडतो, शिवाय वरून वाळलेला सूट आतून ओला आहे हे लक्षात येत नाही. बुटांचे टोक सर्वांत शेवटी वाळते. ते उलटे टांगावेत, आत वर्तमानपत्राचे बोळे घालावेत आणि ते ओले झाले की बदलावेत.

वेळेचा हिशेब इथे महत्त्वाचा आहे. मोकळ्या हवेत सूट एका दिवसात वाळला असे वाटते, मात्र जाड सूटच्या गुडघ्यांचे पट्टे, कॉलर आणि चेनखालची घडी यांना आणखी एक-दोन दिवस लागतात. घरोघरी मेमध्ये पापड-कुरडयांचे वाळवण ज्या कारणासाठी उरकले जाते, त्याच कारणासाठी हे कामही मेमध्येच व्हायला हवे. शेवटची फेरी जूनच्या उंबरठ्यावर झाली आणि सामान धुऊन दोरीवर टाकले तेव्हा पाऊस सुरू झाला होता, असे झाले की मग नैसर्गिक वाऱ्याने ते वाळण्याची आशा सोडावी. पंखा लावून बंद खोलीत वाळवावे.

जाकीट, म्हणजे ज्यात हवा भरून डायव्हर पाण्यात वर-खाली होतो ते बीसीडी, बाहेरून धुतले की झाले असे अनेकांना वाटते. खरी ओल त्याच्या आतल्या पिशवीत असते. हवा सोडताना दर वेळी थोडे समुद्राचे पाणी आत येते. पृष्ठभागावर तोंडाने हवा फुंकली तर लाळही जाते. अंधार, ओल, ऊब आणि खाद्य असे सगळे तिथे एकत्र येते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तोंडाने फुंकायच्या नळीतून साधारण एक-तृतीयांश पिशवी भरेल इतके गोडे पाणी घालावे, हवा भरून जाकीट चहूबाजूंनी हलवावे, उलटे करून पाणी काढावे, आणि निघणारे पाणी खारट लागत नाही तोवर हे पुन्हा करावे. मग नळी खाली ठेवून रात्रभर निथळू द्यावे. दुसऱ्या दिवशी थोडे पाणी हमखास आणखी निघते. ठेवताना पिशवीत थोडी हवा भरून ठेवावी, म्हणजे आतल्या बाजू एकमेकींना चिकटत नाहीत.

या पिशवीतून कोणी श्वास घेऊ नये, असे प्रशिक्षक सांगतात ते उगाच नाही. ब्रिटनमधील डॉक्टरांनी २०१६ मध्ये ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एका ६१ वर्षांच्या रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली होती. हा माणूस रोज बॅगपाइप वाजवत असे. त्याला अनेक वर्षे कोरडा खोकला आणि धाप होती, ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ असे निदान झाले होते. श्वासातून जाणाऱ्या बुरशीसारख्या कणांवर फुप्फुसे चिडून सुजतात, असा हा आजार. तो तीन महिने ऑस्ट्रेलियाला गेला, बॅगपाइप घरी राहिले आणि तेवढ्या काळात त्याची तब्येत लक्षणीय सुधारली. नंतर वाद्याच्या पिशवीतून आणि नळ्यांतून नमुने घेतले तेव्हा अनेक प्रकारच्या बुरश्या सापडल्या. उपचारांना यश आले नाही, तो दगावला. एका रुग्णावरून डायव्हिंगबद्दल निष्कर्ष काढणे चूक ठरेल. तो रोज वाजवत होता, हौशी डायव्हर वर्षातून चार दिवस पाण्यात जातो. पण तोंडाने फुंकलेली, न वाळलेली, कधी आतून न धुतलेली पिशवी ही वस्तू दोन्हीकडे तीच आहे.

निरोगी माणसाला बुरशीच्या वासाच्या सूटने बहुधा शिंका, डोळ्यांची जळजळ, घशाची खवखव यापलीकडे काही होत नाही. दमा किंवा बुरशीची ॲलर्जी असलेल्यांची गोष्ट निराळी. पाण्याखाली खोकल्याची उबळ किंवा श्वासनलिका आवळणे हा जमिनीवरच्यापेक्षा फार मोठा धोका आहे, कारण तिथे थांबून दम खाता येत नाही आणि घाबरून झपाट्याने वर येणे फुप्फुसांना इजा करू शकते. मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनीही जपावे. ओल्या सूटमध्ये बुरशीबरोबर जीवाणूही वाढतात. स्यूडोमोनास नावाचा जीवाणू केसांच्या मुळाशी लाल, खाजरे फोड आणतो आणि कानाच्या संसर्गालाही तोच अनेकदा कारणीभूत असतो. सूट घातल्यानंतर एक-दोन दिवसांनी सूटखालच्याच भागावर पुरळ उठले, तर डॉक्टरांना सूटबद्दल जरूर सांगावे. एरवी ते घामोळ्यांवर जाते.

रेग्युलेटर धुताना एक नियम मोडला की हजारोंचा खर्च येतो. सिलिंडरला जोडायच्या तोंडावरची धूळटोपी आधी स्वतः कोरडी करून मग घट्ट बसवायची आणि त्यानंतरच रेग्युलेटर पाण्यात घालायचा. पाण्यात असताना तोंडाकडच्या भागावरचे हवा सोडायचे बटण दाबायचे नाही. आत दाब नसताना ते दाबले तर झडप उघडते आणि पाणी नळीतून उलटे चढून धातूच्या भागात पोहोचते. पाणी माउथपीसमधून आत जाऊ द्यावे, हलवावे, बाहेर काढावे. वाळवताना नळ्या सरळ लोंबत्या ठेवाव्यात, ठेवताना मोठ्या सैल वेटोळ्यात. माउथपीस ज्या पट्टीने बांधलेले असते ती वर्षातून एकदा कापून आत पाहावे. माउथपीस आणि प्लॅस्टिकची मान यांच्यामधल्या फटीत काळी चिकट कड दिसली, तर ते फेकून नवे बसवावे. सिलिकोनमध्ये खोल गेलेला काळा डाग घासून जात नाही, आणि अख्ख्या रेग्युलेटरच्या मानाने माउथपीस अगदी स्वस्त आहे. इथे काटकसर करणारी माणसे कमी नाहीत, ही खेदाची गोष्ट.

जंतुनाशकाची पाळी आता येते. मळ आणि मीठ काढल्यावरच ते काम करते. मळाच्या थरावर ओतले तर वरच्या वर संपते. डायव्हिंगच्या सामानासाठी क्वाटर्नरी अमोनियम वर्गातली द्रावणे मिळतात. ती बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात आणि सांगितलेला वेळ वापरावीत, मग पुन्हा गोड्या पाण्याने धुवावे. पांढरे व्हिनेगर पाण्यात मिसळून लावल्याने वास कमी होतो आणि हलकी बुरशी निघते, पण त्याला जंतुनाशक समजू नये. ब्लीच सूटला लावू नये, अस्तरातले ताणले जाणारे धागे त्याने तुटतात. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र तर कधीच नको, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि ही चूक बंद न्हाणीघरात झाली तर प्राणाशी गाठ आहे. सूटवर बुरशी आलीच असेल तर ती कोरडी झटकू नये. घराबाहेर, नाका-तोंडावर मास्क लावून, आधी पाण्याने भिजवून मगच मऊ ब्रशने घासावी. कोरडी झटकली की बीजाणू खोलीभर उडतात आणि पुढच्या पावसाळ्याची सोय होते.

मग ठेवायचे कुठे? पूर्ण कोरडे असेल तर बंद पेटीत, शंका असेल तर उघड्यावर. ओलसर वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधणे हा सर्वांत वाईट पर्याय, कारण आतली हवा तासाभरात ओलीने भरते आणि तशीच राहते. बंद पेटीत सिलिका जेल उपयोगी पडते, पण त्याचा आवाका समजून घ्यायला हवा. ते स्वतःच्या वजनाच्या फार तर एक-तृतीयांश ते ४० टक्के पाणी धरते. नव्या बुटांच्या खोक्यातली पाच ग्रॅमची पुडी जेमतेम दोन ग्रॅम पाणी घेईल. मोठ्या पेटीला अर्धा-एक किलो लागते आणि रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे लागते. डांबराच्या गोळ्या टाकण्याची सवय इथे मोडावी. त्या किडींसाठी असतात, ओल त्या घालवत नाहीत, आणि त्यांचा वास रबरात बसला की पुढे तोच श्वासात येतो.

कपाटात दिवा लावून ठेवण्याची मुंबईच्या छायाचित्रकारांची जुनी युक्ती मात्र शास्त्राला धरून आहे. लेन्सवर बुरशी येऊ नये म्हणून ते कमी वॅटचा बल्ब कपाटात जळता ठेवत. हवा तापली की तीच वाफ असलेली हवा तुलनेने कोरडी होते. २८ अंश सेल्सिअसला ८५ टक्के आर्द्रता असलेली हवा ३३ अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता साधारण ६४ टक्क्यांवर येते. बुरशीला साधारणपणे ७० टक्क्यांच्या वर बराच काळ आर्द्रता लागते, म्हणजे पाच अंशांनी काम होते. अट एवढीच, की बल्ब जुन्या तारेचा हवा, एलईडी पुरेसा तापत नाही. तो जाळीत बसवावा आणि रबरापासून हातभर लांब असावा, नाहीतर बुरशीऐवजी आगीशी गाठ पडेल. व्यवसाय करणाऱ्यांनी खोलीत आर्द्रता शोषणारे यंत्र आणि भिंतीवर एक साधा आर्द्रतामापक ठेवला तर हा सगळा अंदाजपंचे कारभार संपतो. काटा ६० टक्क्यांच्या खाली राहिला की झाले.

सिलिंडरला बुरशीची नव्हे, गंजाची भीती. तो पूर्ण रिकामा करून झडप उघडी ठेवू नये. थोडा दाब राखून, झडप बंद करून उभा ठेवावा, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. पोलादी सिलिंडरमध्ये पाणी राहिले तर गंज चढतो, आणि गंज चढताना आतला प्राणवायू खर्च होतो. अशी महिनोन्महिने पडून राहिलेली हवा दिसायला-वासाला ठीक असूनही श्वास घेण्यालायक नसू शकते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला जुनी हवा सोडून नवी भरणे आणि ठरलेल्या मुदतीत आतून तपासणी करून घेणे आवश्यक. कॉम्प्रेसरची गाळणीही तेव्हाच बदलावी, कारण ओल शोषून तृप्त झालेली गाळणी पुढची ओल सरळ सिलिंडरमध्ये सोडते.

पर्यटक म्हणून पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, तरी दोन मिनिटांत बरेच कळू शकते. सूट घालण्याआधी त्याच्या कॉलरचा वास घ्यावा. समुद्राचा खारट वास चालेल, पावसाळ्यातल्या बंद खोलीचा चालणार नाही. मास्कचा सिलिकोनचा पदर बोटाने उलटून काचेच्या कडेला पाहावे. माउथपीस तोंडात घेण्याआधी आत डोकवावे, आणि आधीच्या माणसानंतर ते कशात धुतले हे विचारावे. दमा असेल तर तो लपवू नये, डॉक्टरांचा सल्ला घरूनच घेऊन यावे. बदलून दुसरे माउथपीस मागायला संकोच वाटण्याचे काही कारण नाही. वर्षभर डायव्हिंग करणारी मंडळी स्वतःचे माउथपीस आणि मास्क खिशात घेऊनच फिरतात.